माराथीची संगमरवर खाण : पायी फेरीला निघण्यापूर्वी

ग्रीसच्या पारोस बेटावर मुक्कामी असताना आपण एक सकाळ बंद पडलेल्या खाणीसाठी ठेवली आहे. समुद्र सोडून खाण कशाला, असं दरवेळी कोणीतरी विचारतं, म्हणून हे पत्रक.

पारिकिया बंदराच्या पूर्वेला पाचेक किलोमीटरवर माराथी नावाचं (हो, नाव हेच) गाव आहे. बाहेरून पाहिलं तर झुडपं, पांढऱ्या डबराचे ढीग आणि टेकडीच्या पोटात गेलेली काळोखी तोंडं, एवढंच दिसतं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली पंखवाली विजयदेवतेची मूर्ती मात्र पारोसच्याच दगडाची आहे.

हा दगड मुळात समुद्रतळावर साचलेली चुनखडी. भूपट्टांच्या रेट्यात ती खोल गाडली गेली आणि साधारण 5 ते 4 कोटी वर्षांपूर्वी प्रचंड दाबाखाली आली. पुढे उष्णताही मिळाली. दगड वितळला नाही. घन अवस्थेतच त्यातल्या कॅल्साइट या खनिजाचे स्फटिक नव्याने वाढून एकमेकांत घट्ट बसले. चिकणमाती आणि लोह नावापुरतंच, म्हणून रंग शुभ्र. उजेड पृष्ठभागावरूनच परत न फिरता थोडा आत शिरतो आणि विखरून बाहेर येतो. मूर्तीचं अंग जिवंत वाटतं ते त्यामुळे.

अडचण एकच होती. सर्वांत उत्तम दगडाचा थर जेमतेम काही मीटर जाडीचा, तोही टेकडीत तिरका उतरणारा. वरचा डोंगर काढणं परवडणारं नव्हतं, तेव्हा कामगार थराच्या मागोमाग आत गेले. दिव्यांच्या उजेडात खोदतात म्हणून या दगडाला ‘लिख्नितेस’ म्हणतात, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. लिख्नोस म्हणजे दिवा.

तोंडाशी थांबलात की भिंत जवळून बघा. टिकावाच्या तिरप्या, समांतर रेघा सलग दिसतील. ठोकळ्याभोवती अरुंद चर खणायचा, मग खालून पाचरी ठोकून तो सोडवायचा, अशी पद्धत होती. लाकडी पाचरी भिजवून दगड फुटायचा ही गोष्ट गाईड मंडळी रंगवून सांगतात. आम्हाला त्यापेक्षा या रेघा बोलक्या वाटतात. एका तोंडाशी अप्सरांचं झिजलेलं शिल्प आहे. आदामास नावाच्या थ्रेसकडच्या (ग्रीसच्या उत्तरेकडचा प्रदेश) माणसाने ते अर्पण केल्याचा लेख त्यावर आहे.

दगड संपला म्हणून खाण बंद पडली, असं नाही. इ. स. पूर्व पहिल्या शतकात इटलीत करारा नावाच्या गावाजवळच्या संगमरवराच्या खाणी जोरात सुरू झाल्या. तिथे उघड्यावर काम, आणि रोम जवळ. पारोसला त्यानंतरही मागणी होती, पण भुयारातून दगड काढणं नेहमीच महागात पडायचं. एकोणिसाव्या शतकात एका कंपनीने पुन्हा प्रयत्न केला. तोही टिकला नाही. तिच्या इमारतींचे भग्न अवशेष वाटेतच लागतात.

आता कामाचं. उतार निसरडा आहे, चपला चालणार नाहीत. बॅटरी आणा, मोबाइलचा दिवा पुरत नाही. पुरातत्त्व खात्याने जिथवर मोकळं ठेवलं असेल तिथवरच जायचं. भुयारात आम्ही कोणालाही नेत नाही. आणि एकही कपची खिशात टाकू नका, अगदी डबरातलीसुद्धा.