अमेरिकेतील पदवी प्रवेश : ‘अर्ली’ अर्ज कोणत्या महाविद्यालयाला करावा?

बारावीतून अमेरिकेतील पदवी अभ्यासक्रमासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांचे पालक आम्हाला बहुधा पहिल्याच भेटीत विचारतात, की नोव्हेंबरचा ‘अर्ली’ अर्ज, म्हणजे जानेवारीच्या नियमित फेरीआधीचा अर्ज, कोणत्या महाविद्यालयाला करावा. आमच्या मते या निर्णयाची सुरुवात घरच्या आर्थिक तयारीपासून व्हावी आणि महाविद्यालयाचे नाव त्यानंतर यावे.

‘अर्ली डिसिजन’ हा बंधनकारक अर्ज आहे. कोलंबिया, कॉर्नेल, ब्राऊन, ड्यूक यांसारख्या विद्यापीठांपैकी एकाच ठिकाणी तो करता येतो आणि डिसेंबरच्या मध्यास प्रवेश मिळाला, तर इतर सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात. करारपत्रावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचे समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात. आपल्याकडील अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत समुपदेशक नसल्याने ही तिसरी सही प्राचार्यांकडून घ्यावी लागते. पुरेशी आर्थिक मदत मिळाली नाही, तर या करारातून मोकळे होता येते. परंतु दुसऱ्या महाविद्यालयाने किती मदत दिली असती, हे पडताळून पाहण्याची संधी तोवर गेलेली असते.

नामवंत खासगी विद्यापीठांत राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च आता 90,000 डॉलरच्या पुढे गेला आहे. त्यांपैकी बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली, तर ती बाब प्रवेशाच्या निर्णयात विचारात घेतली जाते, आणि अर्जाच्या वेळी न मागितलेली मदत बऱ्याच ठिकाणी पुढे मागताही येत नाही. म्हणून मोठ्या मदतीची गरज असलेल्या कुटुंबाने बंधनकारक अर्ज करायचाच असेल, तर ब्राऊन, डार्टमथ, ॲमहर्स्ट आणि बोडन यांचा विचार आधी करावा, कारण तेथे परदेशी विद्यार्थ्याचीही आर्थिक गरज प्रवेशाच्या आड येत नाही.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांचा अर्ली अर्ज बंधनकारक नाही, मात्र तो केल्यावर दुसऱ्या खासगी विद्यापीठात अर्ली अर्ज करता येत नाही. एमआयटी आणि पर्ड्यू यांची अशी अट नाही. तेथील प्रवेशावर 1 मेपर्यंत विचार करता येतो. अभियांत्रिकीच्या ज्या विद्यार्थ्यांच्या घरी खर्चाचा निर्णय झालेला नाही, त्यांना आम्ही हाच मार्ग सुचवतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली, लॉस एंजेलिस आदी शाखांत अर्ली अर्जाची सोयच नाही.

अर्ली फेरीतील प्रवेशाचे प्रमाण अधिक दिसते, परंतु त्यात खेळाडू म्हणून आधीच हेरलेले आणि काही ठिकाणी माजी विद्यार्थ्यांच्या घरांतील अर्जदारही असतात, त्यामुळे तो आकडा आपल्या पाल्याला जसाच्या तसा लागू करू नये. अकरावीचे गुण किंवा सॅट या प्रवेश परीक्षेचा निकाल मनासारखा नसेल, तर घाईने नोव्हेंबर गाठण्यापेक्षा जानेवारीची नियमित फेरी धरावी. तोवर सहामाहीचे गुण आणि डिसेंबरची सॅट हाताशी येते. काही महाविद्यालयांत जानेवारीत बंधनकारक अर्जाची दुसरी फेरीही असते.

नोव्हेंबरची मुदत अनेकदा दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास येते आणि त्या दिवसांत कार्यालय बंद असल्याने प्राचार्यांची सही व शिफारसपत्रे मिळत नाहीत. यासाठी नववीपासूनच्या गुणपत्रिका, दोन्ही पालकांची आयकर विवरणपत्रे आणि दरवर्षी खर्च करता येईल अशी रक्कम ठरवून पालकांनी गणेशोत्सवापूर्वी आमच्याकडे यावे, म्हणजे महाविद्यालयाची निवड दसऱ्याच्या आत पक्की करता येईल.