पायथ्याला हुडहुडी, माथ्यावर ऊब

दिवाळी उलटली की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते: नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा पारा महाबळेश्वरच्याही खाली. काही जण ती अभिमानाने फॉरवर्ड करतात, काहींना कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तापमापकच बिघडल्याची शंका येते. शंका अगदीच गैर नाही. जितकं उंच तितकं थंड, सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंश, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, निफाड त्याच्या निम्म्याहूनही कमी उंचीवर. हिशेबाने निफाड पाचेक अंशांनी उबदारच हवं.

तापमापक ठणठणीत आहे. हा हिशेब दुपारी बऱ्यापैकी जुळतो, पहाटे कोलमडतो. सूर्योदय बघायला अंजनेरी, रामशेज किंवा कळसूबाई चढणाऱ्यांना (कळसूबाईची हद्द अहिल्यानगरची, पण सुट्टीच्या आदल्या रात्री बारी गावात निम्मं नाशिक उतरलेलं असतं) हे अंगावर कळतं. पायथ्याला दात वाजतात आणि तासभर चढल्यावर जॅकेट कमरेला बांधावं लागतं. त्यातली थोडी ऊब चढण्याची, हे मान्य. पण पंधरा मिनिटं सावकाश उभं राहून तापमापक बघा; निरभ्र, वारा पडलेल्या पहाटे वरचा आकडा पुष्कळदा जास्तच दिसेल.

याला तापमान विपरीतता म्हणतात, आणि ती घडवते जमीन. जमीन रात्रभर अवरक्त किरणांनी उष्णता बाहेर टाकत असते. १५ अंशांवरची जमीन दर चौरस मीटरमागे सुमारे ३९० वॅट टाकते. पावसाळ्यात ढग आणि बाष्प त्यातला बराचसा भाग खाली परत पाठवतात, म्हणून श्रावणातली रात्र आणि दिवस यांच्या तापमानात फारसा फरक नसतो. मोसमी वारे माघारी फिरले की आकाश मोकळं होतं, परतावा घटतो, रात्री लांबत जातात. जमीन झपाट्याने गार पडते आणि तिला चिकटलेली हवाही.

पुढचा भाग माझ्या विशेष आवडीचा. १० अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा जेमतेम पावणेदोन टक्के जड असते, घनमीटरमागे वीसेक ग्रॅम. एवढ्याशा फरकावर ती उतारावरून घसरू लागते, सांडलेल्या काकवीसारखी, घाई न करता. डोंगराच्या अंगावर गार झालेली हवा ओहोळांच्या वाटेने खाली उतरते, तिच्या जागी वरची मोकळी, तुलनेने उबदार हवा येते. म्हणजे माथ्याला गार झालेली हवा साठवताच येत नाही. ती साठते खाली, दिंडोरी-निफाडच्या सखल पट्ट्यात. तिथे ती दवबिंदूपर्यंत (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तिथपर्यंत) गार झाली, आणि पावसाने भिजलेल्या जमिनीत ओल असतेच, की धुकं.

गंमत अशी की धुकं दाट झालं की जमिनीचं काम संपतं. आता आकाशाकडे उष्णता टाकतो तो धुक्याचा वरचा पृष्ठभाग. तो गार होतो, तिथली हवा जड होऊन खाली बुडते, खालची वर येते, आणि आतल्या आत ढवळण सुरू होते. त्यामुळे विपरीततेचा थर जमिनीवरून उचलला जाऊन धुक्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. वरची हवा उबदार, म्हणून धुक्याला त्यापलीकडे सहज चढता येत नाही. माथ्यावरून काढलेल्या रीलमध्ये खाली दिसणाऱ्या ‘ढगांच्या समुद्रा’चा माथा इतका सपाट का, याचं हे उत्तर. रीलखाली लिहिलेली ‘ऊर्जा’, ‘स्पंदनं’ वगैरे त्यात काही नसतं.

कोजागरीबद्दलही हेच. चंद्रकिरणांतून शीतलता झरते आणि ती दुधात उतरते, असं सांगणारे संदेश दरवर्षी येतात. पौर्णिमेचं चांदणं सूर्यप्रकाशाच्या साधारण चार लाखावा भाग असतं. ते ना तापवतं, ना गार करतं. चंद्र स्वच्छ दिसतो त्या रात्री आकाश निरभ्र असतं, म्हणून गारवा. अमावस्येच्या निरभ्र रात्रीही तो तितकाच पडतो, फक्त तेव्हा गच्चीवर दूध आटवायला कुणी जात नाही. (मसाला दुधाला माझा विरोध नाही.)

द्राक्षबागायतदारांना हे सगळं ट्रेकर्सपेक्षा आधीपासून ठाऊक आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट आलेली असते, आणि पानावर दव तासन्‌तास राहिलं की डाऊनी (पानांवरचा बुरशीजन्य रोग) आलाच. पुढे कडाक्याच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटतात. सखल बागेला थंडीचा फटका आधी बसतो, चढावरच्या बागेला उशिरा, त्याचंही कारण तीच घसरणारी हवा.

माथ्यावर असाल तर सूर्य वर आला म्हणून लगेच उतरायला लागू नका. दिवसातलं सर्वात कमी तापमान बहुधा सूर्योदयानंतर थोड्या वेळाने नोंदलं जातं, कारण कोवळ्या उन्हाची मिळकत जमिनीच्या खर्चाला सुरुवातीला पुरत नाही. धुकंही त्या वेळी आणखी दाटू शकतं. मग ऊन धुक्यातून झिरपत जमिनीपर्यंत पोचतं, जमीन तापते आणि धुकं खालून व कडांनी विरू लागतं. तोवर रामशेजवरून आशेवाडीच्या चुलींचा धूर बघा. तो सरळ वर येतो आणि एका उंचीवर आडवा पसरतो. भोवतालची हवा तिथे धुराइतकीच उबदार असते, म्हणून त्याला आणखी वर ढकलणारं काही उरत नाही.