मौना केआवरच्या वेधशाळांत शूटिंग: परवानग्या, पात्रता आणि कागदपत्रं

हवाईच्या बिग आयलंडवरचा मौना केआ सुमारे 4,200 मीटर उंच आहे. माथ्यावर केक वेधशाळेच्या 10 मीटर आरशाच्या दोन दुर्बिणी, जपानची 8.2 मीटरची सुबारू, जेमिनी नॉर्थ आणि 1979 पासूनची कॅनडा-फ्रान्स-हवाई दुर्बीण. तीस मीटर आरशाच्या नियोजित ‘तीस मीटर दुर्बिणी’साठी निवडलेली जागाही इथलीच, आणि त्या प्रकल्पात पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था भागीदार आहे. त्यामुळे विज्ञानाचा कार्यक्रम करणाऱ्या मराठी निर्मात्यांच्या मनात हा डोंगर येतोच.

बहुतेक जण व्हिसापासून सुरुवात करतात. माझं म्हणणं, आधी डोंगराची परवानगी बघा. ती मिळेपर्यंत तारखा पक्क्या होत नाहीत, आणि तारखांशिवाय बाकीचे अर्ज अधांतरी राहतात.

माथ्याची जमीन राज्य सरकारची. 1968 पासून ती 65 वर्षांच्या भाडेपट्ट्याने हवाई विद्यापीठाकडे आहे. 2022 च्या कायद्याने वेगळं प्राधिकरण स्थापन झालं आणि 2028 पर्यंत कारभार टप्प्याटप्प्याने त्याच्याकडे जायचा आहे. म्हणून अर्ज करताना निर्णय सध्या कोणाच्या हातात आहे, हे विचारून घ्या. चित्रीकरणाचा अर्ज राज्याच्या फिल्म ऑफिसकडे ऑनलाइन करायचा. डोंगराची देखरेख करणारं विद्यापीठाचं केंद्र तो तपासतं. सोबत किमान 10 लाख डॉलरचा दायित्व विमा (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) लागतो आणि त्यात हवाई राज्याचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून यावं लागतं. आपल्याकडची पॉलिसी तशीच चालेल असं गृहीत धरू नका, विमा दलालाशी आधी बोला.

अर्जातला खरा भाग म्हणजे शूटिंगचं वर्णन. ‘माथ्यावरची दृश्यं’ एवढ्यावर भागत नाही. कुठे उभे राहणार, माणसं किती, गाड्या किती, ट्रायपॉड कुठे टेकणार, असं एकेक लिहा. मूळ हवाई लोकांसाठी मौना केआ हा आकाशपिता वाकेआ आणि धरित्री पापा यांचं अपत्य आहे. तिथल्या वायाउ तळ्यात बाळाची नाळ अर्पण करण्याची रीत आहे. आपण गाभाऱ्यात कॅमेरा नेताना पुजाऱ्यांना विचारतो, पायातलं बाहेर काढतो. तोच भाव इथे हवा. तीस मीटर दुर्बिणीला 2019 मध्ये झालेला विरोध याच श्रद्धेतून आला होता. कार्यक्रमात तो विषय येणार असेल, तर अर्जातच तसं स्पष्ट लिहा. माथ्यावरच्या ज्वालामुखीच्या राखेच्या टेकड्यांवर वेकियू नावाचा चिमुकला किडा राहतो, जगात फक्त इथेच. रस्ता सोडून गाडी किंवा पाय घालायचा नाही तो त्याच्यासाठीही. ड्रोनला बंदी आहे, तो घरीच ठेवा.

दुर्बिणीच्या घुमटात शिरायला त्या त्या वेधशाळेची परवानगी वेगळी. आणि एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: रात्री निरीक्षण करणारे खगोलशास्त्रज्ञ बहुधा माथ्यावर नसतातच. केकची माणसं खाली वाइमेआच्या नियंत्रण कक्षात, सुबारू आणि जेमिनीची हिलोमध्ये. मुलाखती तिथे ठेवा. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने माथा लोकांसाठी बंद होतो, म्हणजे रात्रीचं शूटिंग परवान्यात स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. तेव्हाही लाइट लावता येत नाहीत. पण हवेच्या थरथरीमुळे प्रतिमा धूसर होऊ नये म्हणून दुर्बिणी लेझर सोडतात, त्याचा पिवळसर पट्टा घुमटातून थेट आकाशात चढताना लाँग एक्स्पोजरमध्ये जो दिसतो, त्यासाठी अंधारात थांबायची तयारी ठेवा.

चमू निवडताना तब्येत हीच पात्रता समजा. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. हृदयाचा किंवा श्वासाचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी वर जाऊ नये. स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर 24 तास जाऊ द्यावेत. 2,800 मीटरवरच्या माहिती केंद्रापाशी किमान अर्धा तास थांबायचं, ते चुकवू नका. पुढचा रस्ता बराचसा कच्चा आहे, फोर व्हील ड्राइव्ह गाडी लागते. भाड्याच्या गाडीच्या करारात हा रस्ता वगळलेला असतो का, ते सही करण्याआधी वाचा.

आता व्हिसा. माहितीपट किंवा बातमीसाठी जाणाऱ्यांना ‘आय’ प्रकारचा माध्यम व्हिसा लागतो, पर्यटक व्हिसावर शूटिंग चालत नाही. डीएस-160 हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, वैध पासपोर्ट, फोटो, संस्थेचं नियुक्तिपत्र, फ्रीलान्सर असाल तर करारपत्र आणि कामाचं स्वरूप सांगणारं पत्र, एवढं घेऊन मुलाखतीला जा. रिअॅलिटी शो किंवा कथानक रचलेला करमणुकीचा कार्यक्रम असेल तर हा व्हिसा मिळत नाही, त्याचा मार्ग वेगळा आहे.

कॅमेरे, लेन्स यांसाठी फिक्की या उद्योग महासंघाकडून एटीए कार्नेट काढा, म्हणजे सामान सीमाशुल्क न भरता तात्पुरतं परदेशी नेऊन परत आणण्याचा दस्तऐवज. जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. यादीतला प्रत्येक सिरियल नंबर वस्तू हातात धरून तपासा. आमच्या एका लेन्सचा एक आकडा उलटसुलट टाइप झाला होता आणि विमानतळावर कस्टम्ससमोर सगळ्या पेट्या उघडाव्या लागल्या. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्यायच्या. 100 ते 160 वॉट-अवरच्या असतील तर विमान कंपनीची मंजुरी घेऊन माणशी दोनच. परत येताना कार्नेटवर अमेरिकेतून निघण्याची नोंद आणि मुंबईत पुनर्आयातीचा शिक्का, दोन्ही करून घ्या. मग मूळ कार्नेट फिक्कीकडे जमा करा, त्यानंतरच कार्नेटसाठी दिलेली तुमची सुरक्षा ठेव सुटते.