मॅमथ एका रात्रीत गोठून मेले?

अधूनमधून फिरत असतो हा फॉरवर्ड, की सायबेरियात अचानक कडाक्याची थंडी पडली आणि सगळे मॅमथ (हत्तीचे नामशेष झालेले केसाळ नातेवाईक) उभ्या उभ्या गोठले, तोंडातलं गवतसुद्धा तसंच राहिलं. गवताचा भाग खराय बरं का! १९०१ मध्ये बेरेझोव्का नदीकाठी उकरून काढलेल्या मॅमथच्या दाढांमध्ये चारा अडकलेला होता, म्हणून गोष्ट पटते. पण त्याची हाडं मोडलेली होती आणि मांस काही ठिकाणी सडलेलं होतं, म्हणजे तो दरड कोसळून किंवा पडून मेला असणार आणि नंतर हळूहळू गोठला.

आता वय बघा. सगळे एकाच रात्री मेले असते तर कार्बन डेटिंगमध्ये (अवशेषांतल्या कार्बनवरून वय काढण्याची पद्धत) सगळ्यांचं वय सारखंच यायला हवं ना? पण बेरेझोव्काचा आणि २००७ ला सायबेरियातल्या यमालमध्ये सापडलेलं ल्यूबा नावाचं पिल्लू ४० हजार वर्षांहून जुने, आणि सायबेरियाच्या उत्तरेकडच्या रँगेल बेटावरचे शेवटचे मॅमथ फक्त ४ हजार वर्षांपूर्वीचे, म्हणजे गिझाचे पिरॅमिड तेव्हा बांधून झाले होते!

मग मेले कसे, तर हिमयुग ओसरताना हजारो वर्षांत गवताळ माळरान जाऊन तिथे ओलसर शेवाळी टुंड्रा (झाडं नसलेला थंड प्रदेश) आणि जंगल आलं, चारा कमी, कळप तुटक तुटक, त्यात माणसाने केलेली शिकार. मला तर हे हळूहळू संपत जाणंच जास्त चटका लावतं. पुढच्या वेळी फोटो आला की त्या मॅमथचं नाव आणि वय शोधा, दोन मिनिटांत कळतं.