जन्मजात चेहरा-अंधत्व

दृष्टी, बुद्धी आणि एरवीची स्मरणशक्ती शाबूत असूनही लहानपणापासून माणसांचे चेहरे ओळखता न येणे, म्हणजे जन्मजात किंवा विकासात्मक चेहरा-अंधत्व. वैद्यकीय परिभाषेत याला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात. चेहरा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव जर्मन मेंदूतज्ज्ञ योआखिम बोडामर यांनी १९४७ मध्ये रूढ केले. त्यांचे रुग्ण मेंदूला इजा झालेले होते. जन्मजात प्रकारात मात्र मेंदूला इजा झालेली नसते. तो बरेचदा एकाच कुटुंबातील अनेकांत आढळतो. लोकसंख्येतील प्रमाण साधारण २ ते २.५ टक्के सांगितले जाते, पण निकष कडक लावले की हा आकडा बराच खाली येतो.

‘अंधत्व’ हा शब्द तसा फसवाच. या व्यक्तींना समोरचे नाक, डोळे, ओठ स्वच्छ दिसतात. समोरचा हसतो आहे की चिडला आहे, हेही त्यांच्यापैकी अनेकांना कळते. अडते ते ‘हा कोण?’ या प्रश्नापाशी. मग आवाज, चाल, केसांची ठेवण यांवरून अंदाज बांधावा लागतो. रोजच्या सहवासातल्या बाईने केस कापले, की ती परकी होते.

चेहरे हाताळणारा मेंदूतला सर्वांत परिचित भाग कानशिलाच्या आत, मेंदूच्या खालच्या अंगाला असतो. १९९७ मध्ये मेंदूसंशोधक नॅन्सी कानविशर आणि सहकाऱ्यांनी त्याला फ्युसिफॉर्म फेस एरिया हे नाव दिले. जन्मजात चेहरा-अंधत्वात हा भाग नसतोच किंवा निकामी असतो, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. स्कॅनमध्ये बहुतेकांत तो सापडतो आणि चेहरे दाखवल्यावर जागाही होतो, फक्त काहींत त्याचा प्रतिसाद मंद असतो. फरक अधिक दिसतो तो जोडणीत. या भागालगतचे आणि तिथून कानशिलाच्या पुढच्या टोकाकडे जाणारे मज्जातंतूंचे पट्टे काही अभ्यासांत वेगळे किंवा विरळ आढळले आहेत. हे पुढचे टोक महत्त्वाचे, कारण चेहऱ्याची व्यक्तीविषयीच्या माहितीशी सांगड घालण्यात त्याचा वाटा असतो.

दुसरा फरक पाहण्याच्या पद्धतीतला. सर्वसाधारण मेंदू चेहरा तुकड्यांनी न वाचता एकसंध घेतो. म्हणूनच उलटा धरलेला फोटो ओळखायला आपल्याला इतका त्रास होतो. चेहरा-अंधत्व असलेल्या अनेकांत सुलट्या-उलट्यातला हा फरक कमी भरतो, कारण सुलटा चेहराही ते एकेक अवयव तपासत वाचतात. हे सर्वांनाच लागू पडत नाही. ही अवस्था एकच आहे की अनेक, यावरचा वाद त्यामुळेच मिटलेला नाही.

सर्वांत चक्रावणारा पुरावा मेंदूच्या विद्युतलहरींचा आहे. चेहरा दिसल्यावर सुमारे १७० मिलिसेकंदांनी एक लहर उमटते. ती बहुतेकदा चेहरा-अंधत्व असलेल्यांतही असते. ओळखीच्या चेहऱ्याला आणखी एक लहर सुमारे २५० मिलिसेकंदांच्या आसपास येते. प्रसिद्ध व्यक्तींचे फोटो पाहून ‘ओळखत नाही’ म्हणणाऱ्या काहींच्या मेंदूत ही दुसरी लहरही नोंदली गेली. चेहऱ्याचा ठसा साठवलेला होता आणि तो जुळलाही होता. त्याची खबर जाणिवेपर्यंत गेली नाही, इतकेच.

निदानासाठी २००६ पासून केंब्रिज फेस मेमरी टेस्ट ही चेहरे लक्षात ठेवण्याची चाचणी वापरली जाते. तिच्या फोटोंतून केसांचा भाग कापून टाकलेला असतो. अनेकांना आपल्यातला फरक मोठेपणीच कळतो. इतरांना चेहरा कसा ‘दिसतो’, हे ताडून पाहायला त्यांच्याकडे काही साधनच नसते.