सर, तुम्ही उभे राहा: शिक्षक ते आमदार या वाटेची पार्श्वभूमी

निवडणूक जवळ आली की दर वेळी कुठल्या ना कुठल्या तालुक्यात एखाद्या निवृत्त सरांचं नाव चर्चेत येतं, आणि लगेच कोणीतरी म्हणतंच की मास्तर माणूस, त्याला राजकारणातलं काय कळणार. मला हे कधी पटलं नाही. तीस वर्षं एका पंचक्रोशीत शिकवलेल्या माणसाला कुठल्या घरात किती मतं आणि कुठल्या दोन भावांचं बांधावरून पटत नाही हे जेवढं माहीत असतं तेवढं पुढाऱ्याच्या पीएलाही नसतं.

आणि ही माहिती सरकारच त्याच्याकडून गोळा करून घेतं, हा त्यातला गमतीचा भाग. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ मध्ये लिहिलंय की शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत, फक्त जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून. आता ही 'फक्त' वाली यादी बघा. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून मतदार यादी घेऊन दारोदार फिरायचं, कोण वारलं, कोण लग्न होऊन गेली, कोण कामाला बाहेर गेलाय ते टिपायचं, मतदानाच्या आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेऊन केंद्रावर मुक्कामाला जायचं, दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा मशिन जमा करून घरी यायचं. निवडणूक आतून कशी चालते ते शिक्षकाइतकं जवळून फार कमी लोकांनी पाहिलेलं असतं. फक्त हे सगळं करताना त्याने स्वतः कुठल्या बाजूचं असायचं नाही, हा नियम.

म्हणजे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला आमदारकी लढवायची तर आधी राजीनामा. खाजगी अनुदानित शाळेतल्या किंवा कॉलेजातल्या सरांना त्या मानाने बरीच मोकळीक. त्यामुळे विधानभवनात 'प्रा.' लावलेली नावं पुष्कळ दिसतात आणि प्राथमिक शाळेतून थेट आलेले गुरुजी कमी, याचं एक कारण हेच आहे असं मला वाटतं.

आता थोडं मागे जाऊ. शिकलेल्यांना कायदेमंडळात वेगळी जागा द्यायची कल्पना इंग्रजांच्या काळातली, १९१९ च्या कायद्यानंतर मुंबई कायदे कौन्सिलात विद्यापीठाची एक जागा होती. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या कलम १७१ मध्ये विधान परिषदेसाठी बारावा हिस्सा पदवीधरांना आणि बारावा हिस्सा शिक्षकांना असं ठरलं. महाराष्ट्राच्या विधान परिषदेच्या ७८ जागा, त्यात ७ शिक्षकांच्या: मुंबई, कोकण, नाशिक, पुणे, औरंगाबाद, अमरावती, नागपूर. तेव्हा शिकलेला माणूसच दुर्मिळ होता म्हणून त्याचा आवाज सभागृहात असावा हा विचार.

पण त्यात एक मेख आहे. शिक्षक म्हणजे माध्यमिक किंवा त्याच्या वरच्या संस्थेत शिकवणारा, तेही आधीच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं. म्हणजे पहिली ते चौथीला मुळाक्षरं गिरवून घेणारे गुरुजी, ज्यांची संख्या लाखांत, त्यांना शिक्षक मतदारसंघात मतच नाही. त्यांच्या संघटनांची ही जुनी मागणी आहे आणि दर निवडणुकीत ती नव्याने निघते आणि निकालानंतर पुन्हा बासनात जाते.

दुसरी मेख याच्या उलटी. मतदार शिक्षक हवा, उमेदवार शिक्षक असायलाच हवा असं नाही. पदवीधर मतदारसंघाबाबत सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्येच मद्रासच्या एका खटल्यात सांगितलं की उमेदवार पदवीधर असायची गरज नाही, आणि शिक्षक जागेलाही तोच न्याय. मुंबई शिक्षक मतदारसंघातून कपिल पाटील २००६, २०१२ आणि २०१८ असे तीनदा निवडून आले, ते मूळचे पत्रकार. त्यांनी शिक्षकांचे प्रश्न मांडले नाहीत असं कोणी म्हणणार नाही, पण मुद्दा हा की 'शिक्षक आमदार' म्हणजे शिक्षक असलेला आमदार असं समजायचं कारण नाही.

पहिल्या पिढीचे जे मास्तर राजकारणात आले ते या जागांसाठी आलेच नव्हते, ते चळवळीतून आले. ग. प्र. प्रधान घ्या. बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात गेलेले, मग फर्ग्युसनमध्ये वीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं, १९६६ पासून १८ वर्षं पुणे पदवीधरमधून आमदार, मधे आणीबाणीत परत तुरुंग, आणि १९८० ते ८२ परिषदेत विरोधी पक्षनेते. वर्गात आणि सभागृहात माणूस एकच, आवाज चढवायचा नाही पण तयारी अशी की समोरच्याला उत्तर द्यावंच लागेल.

एन. डी. पाटील सरांची गोष्ट तर अस्सल रयत शिक्षण संस्थेची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावात रोवलेलं ते रोप, पुढे साताऱ्यात शिवाजी कॉलेज, आणि तिथे कमवा आणि शिका योजनेत मुलं सकाळी श्रमाचं काम करून मग वर्गात बसायची. एन. डी. तिथे प्राध्यापक होते आणि त्या योजनेच्या मुलांचे रेक्टरही, नंतर इस्लामपूरला प्राचार्य. शेतकऱ्याची पोरं एकाच छपराखाली राहतात, जेवतात, भांडतात आणि सर त्यांच्यातच असतात, मग दहा वर्षांनी तीच पोरं गावोगाव पसरलेली असतात. शेकापचा, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा लाल झेंडा त्या गावांत नुसत्या भाषणाने गेला नाही, बराचसा अशा ओळखींवर गेला. एन. डी. १९६० पासून विधान परिषदेत, १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद आघाडी सरकारात सहकारमंत्री, १९८५ मध्ये कोल्हापुरातून विधानसभेत. आणि शेवटपर्यंत लोकांच्या तोंडी 'एन. डी. सर'च.

हे 'सर' प्रकरण भारी आहे तसं. मनोहर जोशी मुंबईचे महापौर झाले, १९९५ मध्ये मुख्यमंत्री, नंतर लोकसभेचे अध्यक्षसुद्धा, पण शिवसैनिकांसाठी ते कायम 'सर', कोहिनूरच्या क्लासमुळे. प्रा. राम शिंदे चौंडीचे सरपंच ते आमदार, मंत्री, मग २०२४ मध्ये कर्जत-जामखेडला अवघ्या १२४३ मतांनी पराभव आणि त्यानंतर महिन्याभरात विधान परिषदेचे सभापती, पण 'प्रा.' सुटला नाही. वर्षा गायकवाड सिद्धार्थ कॉलेजात गणित शिकवायच्या, पुढे धारावीच्या आमदार आणि २०१९ नंतर थेट शालेय शिक्षणमंत्री.

चळवळ ओसरली तशी संघटना आली. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा ५४ दिवसांचा संप अजून जुने लोक सांगतात, पगार नाही, किराणावाला उधारी देईना, तरी माणसं हटली नाहीत. संघटनेचा अध्यक्ष मग आपोआप उमेदवार. यातला सगळ्यात मोठा दाखला अमरावती पदवीधरचे प्रा. बी. टी. देशमुख. 'नुटा' ही प्राध्यापकांची संघटना त्यांनी चालवली आणि सलग पाच टर्म आमदार राहिले. विदर्भाचा अनुशेष म्हटलं की आकड्यांची फाईल बी. टीं.कडे, मंत्र्यांनीही तिथूनच आकडे घ्यावेत अशी स्थिती. एखादा विषय वर्षानुवर्षं धडा शिकवावा तसा लावून धरायचा हे मास्तरालाच जमतं बाबा.

आणि मग सगळं उलटं फिरलं. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग, मेडिकल कॉलेजांना वाट मोकळी केली आणि शिक्षणसम्राट ही नवी जमात उभी राहिली. आधी मास्तर पुढारी व्हायचा, आता पुढारी शाळा काढायला लागला. शाळा म्हणजे कर्मचारी, बस, मैदान, पालक, म्हणजे निवडणुकीची सगळी यंत्रणा एकाच छपराखाली, मग शिक्षक मतदारसंघातही संस्थाचालक उभे राहायला लागले. चेअरमनच रिंगणात असेल तर त्याच्या शाळेतल्या सरांचं मत गुप्त राहतं खरं, पण त्यांचा चेहरा राहत नाही.

मत देण्याची पद्धतही बघण्यासारखी. ईव्हीएम नाही, कागदी मतपत्रिका, केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेनानेच पसंतीक्रम लिहायचा, १, २, ३ असा. टिक केली, सही केली, की मत बाद. मुलांना 'सूचना नीट वाचा' म्हणणाऱ्यांची मतं दर वेळी बाद होतात आणि दर वेळी त्याची बातमी होते! मतमोजणीत वैध मतांच्या निम्मे अधिक एक असा कोटा लागतो, तो कोणी गाठला नाही तर शेवटचा उमेदवार बाहेर आणि त्याला मिळालेल्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती बाकीच्यांत वाटायची, असं करत करत दुसरा दिवस उजाडतो. म्हणून इथे हुशार उमेदवार नुसती पहिली पसंती मागत नाही, दुसऱ्या उमेदवाराच्या माणसांच्या घरी जाऊन 'मला दोन नंबर तरी द्या' म्हणतो.

अलीकडे वारं पेन्शनचं आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यात कोणी आधी तुटपुंज्या मानधनावर शिक्षण सेवक राहिलेला, कोणी 'कायम विनाअनुदानित' शाळेत बिनपगारी. २००९ मध्ये 'कायम' शब्द काढला खरा, पण पगार आला तो २० टक्के, ४० टक्के असा हप्त्याहप्त्याने आणि प्रत्येक हप्त्यासाठी आझाद मैदान. २०२३ च्या फेब्रुवारीत नागपूरला भाजपच्या पाठिंब्यावरचे दोन टर्मचे आमदार ना. गो. गाणार पडले आणि सुधाकर अडबाले आले, त्यात पेन्शनचा वाटा मोठा होता. पुढच्याच महिन्यात राज्यभर संप झाला. आझाद मैदानात सतरंजीवर बसलेल्यांपैकी कोणीतरी पुढच्या वेळी फॉर्म भरेल, आणि त्याची तयारी म्हणजे सध्या स्टाफरूममध्ये बसून सहकाऱ्यांचे मतदार नोंदणीचे, म्हणजे नमुना १९ चे अर्ज भरून घेणं, कारण शिक्षक मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला कोऱ्या कागदापासून सुरू होते आणि मुख्याध्यापकांचा दाखला जोडला नाही तर नाव लागत नाही.