स्पर्धा हवी, मीपणा कशाला?

शंकूंच्या रांगेतून चेंडू नागमोडी न्यायचा, एवढंच काम. खेळाडू मुरलेले फुटबॉलपटू. एका फेरीत त्यांच्या कानावर एकामागून एक शब्द पडत होते आणि ठरलेला शब्द आला की तो मोठ्याने उच्चारायचा होता. दुसऱ्या फेरीत मधूनच एक सूर वाजायचा आणि त्या घडीला चेंडूला पायाची आतली बाजू लागली की बाहेरची, ते सांगायचं होतं. पहिल्या फेरीत लक्ष दुसरीकडे होतं, म्हणजे खेळ तिथे बिघडायला हवा. पण बिघडला तो दुसऱ्या फेरीत. स्वतःच्या पायाकडे लक्ष जाताच ही मुरलेली मंडळी मंदावली. नवख्यांचं नेमकं उलट झालं, पायाकडे लक्ष दिल्यावर त्यांचा खेळ सुधारला. आणि अनुभवी खेळाडूंना त्यांच्या कमकुवत पायाने खेळायला लावलं, तेव्हा तेही नवख्यांसारखेच वागले.

मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. ‘अहंकार सोडा’ ही पूर्वेकडची शिकवण आणि ‘जिंकायचंच’ हा मैदानावरचा बाणा एकत्र नांदू शकतात का, हा प्रश्न मला या प्रयोगामुळे नव्याने विचार करण्याजोगा वाटतो. आपण अहंकाराकडे सहसा नीतीच्या अंगाने पाहतो. खेळाचं विज्ञान त्याकडे लक्ष कुठे खर्च होतं, या अंगाने पाहतं.

एखादं कौशल्य अंगवळणी पडलं की ते जाणिवेच्या देखरेखीशिवाय चालतं. सुरुवातीला पायरी-पायरीने, मनात सूचना घोळवत शिकलेली हालचाल पुढे मेंदूच्या खोल भागांतल्या बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू यांच्या जोरावर एकसंध होते. ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेला क्रिकेटचा चेंडू फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोहोचतो. दिसलेल्या गोष्टीवर नुसती प्रतिक्रिया द्यायलाच सुमारे ०.२ सेकंद जातात. मायकेल लँड आणि पीटर मॅकलाउड यांनी २००० साली फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. त्यांत दिसलं की फलंदाजाची नजर चेंडूच्या मागे धावत नाही, तो जिथे टप्पा खाणार तिथे आधीच जाऊन थांबते. चांगल्या फलंदाजाची तर आणखी लवकर. एवढ्या वेळात ‘माझी बॅट नीट येतेय ना’ हे तपासायला सवड कुठली?

पण मुरलेला खेळाडू मोक्याच्या क्षणी स्वतःच्या हातापायांकडे पाहू लागतोच का? कारण तिथे पणाला लागलेला असतो तो ‘मी’. माझं नाव, माझी जागा, लोक काय म्हणतील. रॉय बॉमायस्टर यांनी १९८४ सालीच मांडलं होतं की दडपणाखाली माणसाचं लक्ष स्वतःकडे वळतं आणि जी क्रिया आपोआप उत्तम चालली होती तिच्यात तो ढवळाढवळ करतो. नॉर्वेचे गेयर यॉर्डेट यांनी मोठ्या फुटबॉल स्पर्धांमधले पेनल्टी शूटआउट तपासले. अकरा मीटरवरून मारायच्या त्या एका किकमध्ये, मानाचे पुरस्कार आधीच मिळवलेले खेळाडू, असे पुरस्कार पुढे मिळवणार होते अशा खेळाडूंपेक्षा कमी यशस्वी ठरले होते. दोन्ही गट गुणवान. फरक इतकाच की एका गटाकडे गमावण्यासारखं नाव होतं.

‘मीपणा सोडा’ म्हणजे ‘जिंकण्याची इच्छा सोडा’ असा सरसकट अर्थ लावला जातो, आणि मला तो पटत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ‘लाभालाभौ जयाजयौ’ समान मानायला सांगितलं आहे, आणि पुढच्याच चरणात ‘ततो युद्धाय युज्यस्व’, म्हणजे मग लढायला सज्ज हो, असं म्हटलं आहे. मैदान सोडून जा, असं नाही. सतराव्या शतकातला जपानी झेन भिक्षू ताकुआन याने याग्यू मुनेनोरी या तलवारबहाद्दराला लिहिलं ते तर अगदी आजच्या क्रीडामानसशास्त्रासारखं वाटतं. मन प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीवर अडकलं तरी घात, स्वतःच्या तलवारीवर अडकलं तरी घात, आणि आपण कापले जाऊ नये या विचारावर अडकलं तरीही घात. मन कुठेच न थांबता वाहतं राहायला हवं. हा सल्ला हरल्यास जीव जाणार अशा स्पर्धेसाठी होता. तिथे इच्छा कमी असण्याचा प्रश्नच नव्हता.

इच्छा आणि अहं वेगळे काढता येतात, हे मोजमापातूनही दिसतं. जॉन निकोल्स आणि जोन डूडा यांनी खेळाडूंच्या यशाच्या कल्पनांचे दोन कल पाहिले. एकाला ‘कालच्यापेक्षा आज बरं जमलं’ यात यश दिसतं, दुसऱ्याला ‘मी इतरांपेक्षा वरचढ ठरलो’ यात. हे कल एकमेकांच्या विरुद्ध टोकांना नाहीत, एकाच खेळाडूत दोन्ही तीव्र असू शकतात. त्यामुळे अहंकारी माणूस विजेता होतच नाही, असा दावा कुणी करू नये. होतात, भरपूर होतात. अडचण येते ती केवळ दुसऱ्याच कलावर उभ्या असलेल्या खेळाडूची. आपण कमी पडतोय असं वाटू लागलं की त्याच्या प्रयत्नांमागचं कारणच निघून जातं.

मग हे सवयीने साधतं का? बायलॉक आणि टॉमस कार यांच्या २००१ सालच्या प्रयोगातलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. गोल्फचं पटिंग, म्हणजे चेंडू हलक्या फटक्याने भोकात घालणं, शिकणाऱ्या काहींचा सराव कॅमेऱ्यासमोर घेतला. हे चित्रण जाणकार पाहणार आहेत, असं त्यांना सांगितलं होतं. सगळा वेळ ते अवघडलेले, स्वतःची जाणीव टोचत असलेले. नंतर खऱ्या दडपणाची वेळ आली, तेव्हा साधा सराव केलेले कोलमडले आणि कॅमेऱ्यासमोर शिकलेले टिकले. ‘मी’ला हाकलून लावण्यापेक्षा तो उपस्थित असताना काम करत राहण्याची सवय अधिक कामाची ठरली. ध्यानाला बसणाराही हेच करतो. ‘मी’चा विचार उठतो, तो पाहायचा आणि श्वासाकडे परतायचं. जडसन ब्रूअर यांच्या गटाने २०११ साली अनुभवी ध्यानसाधकांच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा स्वतःबद्दलच्या विचारांशी जोडलेल्या जाळ्याचे मुख्य भाग ध्यानात कमी सक्रिय आढळले.

अर्थात, खेळात हरवून जाणं म्हणजे बुद्धाचा अनात्मबोध, म्हणजे कायमचा ‘मी’ असा नाहीच ही जाणीव, नव्हे. मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी वर्णिलेल्या तल्लीन अवस्थेत स्वतःची जाणीव ओसरते, पण खेळ संपला की ‘आज मी काय खेळलो!’ म्हणत ती परत येते. बुद्धाला दुःखाचं मूळ उपटायचं होतं, खेळाडूला पुढचा फटका नीट मारायचा असतो.

प्रतिस्पर्ध्याकडे मात्र या नजरेतून पाहिलं तर त्याचं स्थान बदलतं. नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ सालीच दाखवलं होतं की सायकलस्वार एकट्याने घड्याळाविरुद्ध पळतो त्यापेक्षा सोबत कुणी असताना अधिक वेगाने जातो. समोरचा आपल्यातून जे काढून घेतो ते एकट्याच्या सरावात हाती लागत नाही. तो तगडा असावा, असंच मग वाटायला हवं.

प्रशिक्षकांसाठी यातून एक अगदी व्यावहारिक गोष्ट निघते. गॅब्रिएले वुल्फ यांचं अनेक वर्षांचं संशोधन सांगतं की हाताच्या कोनापेक्षा चेंडू जिथे जायचा त्या जागेकडे लक्ष ठेवलं की हालचाल अधिक अचूक होते. म्हणजे शेवटच्या पाच मिनिटांत सीमारेषेवरून ‘कोपर वर घे’ असं ओरडू नये. कुठे मारायचं, तेवढं सांगावं. कोपराचं काय चुकलं ते दुसऱ्या दिवशीच्या सरावात काढावं. तिथे, कमकुवत पायाने खेळणाऱ्या त्या फुटबॉलपटूंसारखं, स्वतःकडे निरखून पाहण्याचाच उपयोग असतो.